डावं-उजवं आणि मधली रिकामी घरं

लेक बापापेक्षा उजवी निघाली, असं आपण सहज म्हणतो. किती उजवी, हे कोणी विचारत नाही. विचारलं तर सांगताही येत नाही. गाणं असो, स्वयंपाक असो, हस्ताक्षर असो, एकट्या वस्तूला दहापैकी किती गुण द्यायचे म्हटलं की हात अडखळतो. आज सात द्यावेसे वाटतात, उद्या साडेसहा. तेच दोन वस्तू शेजारी ठेवल्या की लहान मूलसुद्धा चटकन बोट दाखवतं. निवड करण्याला मराठीत डावं-उजवं करणं म्हणतात ते उगाच नाही. दोन हात, दोन वस्तू आणि एक निवाडा, एवढंच माणसाला खात्रीनं जमतं.

अशा सुट्या सुट्या निवाड्यांतून मोजपट्टी बनवता येते का? फुटपट्टीसारखी, जिच्यावर ‘हे इथं, ते तिथं आणि दोहोंत अंतर इतकं’ असं दाखवता येईल? येते. ती कशी बनवायची हे शिकायला माणसाला बराच काळ लागला, आणि त्यातला मोठा काळ एकाच अडचणीशी झुंजण्यात गेला. सात वस्तू असतील तर जोड्या होतात २१. वीस वस्तूंच्या १९० आणि शंभरांच्या ४,९५०. एवढ्या जोड्या कोण कोणाला विचारणार? जीभ थकते, डोळे थकतात, वेळ संपतो. कोष्टक मांडलं की काही घरं रिकामी राहतात. त्या घरांचं काय करायचं? या विद्येचा मागोवा घेताना मला राहून राहून वाटतं की तिचा खरा इतिहास भरलेल्या घरांपेक्षा या रिकाम्या घरांचाच आहे.

मठ, पॅरिस आणि अंथरुणातली सकाळ

जोडीजोडीनं निवाडा करण्याची कल्पना जुनी आहे. भूमध्य समुद्रातल्या मयोर्का बेटावरचा रामोन लुल हा तत्त्वज्ञ तेराव्या शतकात होऊन गेला. मठातल्या जोगिणींनी आपली मुख्य कशी निवडावी, हे त्यानं आपल्या ‘ब्लांकेर्ना’ या कादंबरीत सांगितलं आहे: प्रत्येक उमेदवार दुसऱ्या प्रत्येकीशी ताडून पाहायची आणि जी जास्त जोड्यांत सरस ठरेल ती मुख्य. १२९९ साली त्यानं निवडणुकीवर स्वतंत्र लेखही लिहिला. पाच शतकांनी, १७८५ साली, फ्रान्समध्ये कोंदोर्सेनं याच वाटेवरचा खड्डा दाखवला. समूहाच्या मतानं अ हा ब पेक्षा सरस, ब हा क पेक्षा सरस आणि तरीही क हा अ पेक्षा सरस, असा फेरा पडू शकतो. प्रत्येक माणूस आपल्या जागी सुसंगत असला तरी समूह गोल फिरतो.

या दोघांना विजेता हवा होता. मोजमापाची ओढ लागली ती लाइपझिगच्या गुस्ताव फेख्नरला. तो भौतिकशास्त्राचा प्राध्यापक होता. रंगीत काचांतून सूर्याकडे पाहण्याचे प्रयोग करता करता त्याचे डोळे गेले आणि काही वर्षं त्यानं अंधाऱ्या खोलीत काढली. पुढं दृष्टी परत आली. २२ ऑक्टोबर १८५० च्या सकाळी अंथरुणात पडल्या पडल्या त्याला सुचलं की मनाला जाणवणारं आणि बाहेरच्या जगात असणारं, या दोहोंतलं नातं गणितानं मांडता येईल. १८६० साली त्याचा मनोभौतिकीवरचा ग्रंथ आला. त्यातला कळीचा प्रयोग अगदी साधा आहे. दोन वजनं उचलायची आणि जड कोणतं ते सांगायचं. फरक बारीक असेल तर माणूस कधी बरोबर सांगतो, कधी चुकतो. फेख्नरच्या हाती आलेला धागा हा, की माणूस किती वेळा चुकतो त्यावरून तो फरक मनाला किती मोठा वाटतो हे काढता येतं.

पुढं १८७६ च्या सौंदर्यशास्त्रावरच्या पुस्तकात त्यानं लोकांपुढं आयत ठेवून सर्वांत सुबक कोणता ते विचारलं. आणि १८९४ साली योनास कोन यानं रंगांच्या पसंतीसाठी रंग जोडीजोडीनं समोर ठेवले. तिथून ‘जोडी-तुलना’ ही प्रयोगशाळेतली एक रीत झाली.

मतभेदाची पट्टी

वजनाला निदान ग्रॅम असतो. ज्याला बाहेर कुठलंच माप नाही, त्याचं काय? हा प्रश्न लुई थर्स्टन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं हाती घेतला. शिक्षणानं तो इंजिनिअर होता आणि थॉमस एडिसनच्या प्रयोगशाळेत काही काळ काम करून मानसशास्त्राकडे वळलेला होता. १९२७ साली शिकागोत त्यानं १९ गुन्ह्यांची यादी केली. खून, बलात्कार, जाळपोळ, खोटी साक्ष, बनावट नाणी पाडणं, चोरटी आयात, आणि दारूबंदीचा तो काळ असल्यानं चोरटी दारूविक्रीसुद्धा. एकोणीस गुन्ह्यांच्या १७१ जोड्या झाल्या. २६६ विद्यार्थ्यांना प्रत्येक जोडीपुढं एकच प्रश्न विचारला: यांतला अधिक गंभीर कोणता? त्या उत्तरांतून एक पट्टी उभी राहिली. तिच्या एका टोकाला बलात्कार होता आणि दुसऱ्या टोकाला भटकेगिरी.

पट्टी कशी उभी राहिली, हे समजून घेण्यासारखं आहे. थर्स्टनचं म्हणणं असं: एखादी गोष्ट मनात दर वेळी एकाच ठिकाणी उमटत नाही, थोडी मागेपुढे डुलते. दोन गोष्टी जवळजवळ असल्या तर त्यांचं डुलणं एकमेकांत मिसळतं, कधी ही वरचढ वाटते, कधी ती. दूर असल्या तर मिसळत नाही. म्हणून शंभरातल्या ५० जणांनी एकीला आणि ५० जणांनी दुसरीला कौल दिला तर दोहोंत अंतर शून्य. ६९ विरुद्ध ३१ पडले तर अंतर सुमारे अर्धा एकक, आणि ८४ विरुद्ध १६ पडले तर सुमारे एक एकक. घंटेच्या आकाराच्या वक्राच्या कोष्टकातून हे आकडे मिळतात.

मला ही कल्पना फार मोलाची वाटते. एरवी मतभेद म्हणजे मोजमापातला कचरा समजतात. थर्स्टननं मतभेदाचीच पट्टी केली. लोक जितके विभागलेले तितक्या वस्तू जवळ, जितके एकमुखी तितक्या दूर.

पण यातच एक पेच आहे. शंभराच्या शंभर जणांनी एकाच बाजूला कौल दिला तर अंतर किती? कोष्टक म्हणतं, अनंत. पट्टीवर अनंत लिहिता येत नाही, म्हणून ते घर रिकामं सोडावं लागतं. म्हणजे कोष्टकातल्या रिकाम्या घरांच्या दोन जाती झाल्या. काही घरं प्रश्नच विचारला नाही म्हणून रिकामी. काही घरं उत्तर इतकं ठाम आलं की आकड्यात मावलं नाही म्हणून रिकामी. कागदावर दोन्ही सारखीच दिसतात. आत मात्र एकात अज्ञान आहे आणि दुसऱ्यात ओसंडून वाहणारं ज्ञान.

चार आंबे, चार निवाडे

रिकाम्या घराशी बेपर्वाईनं वागलं तर काय होतं, ते एका लहान उदाहरणात पाहू. आकडे मी हिशेबाच्या सोयीसाठी घेतले आहेत.

समजा, चार जातींचे आंबे आहेत: हापूस, केसर, पायरी आणि रायवळ. जोड्या सहा, पण विचारल्या चारच. हापूस आणि पायरीत १०० पैकी ८४ जणांनी हापूस उचलला: अंतर १. हापूस आणि केसरमध्ये ६९ जणांनी हापूस: अंतर अर्धा. केसर आणि पायरीत ६९ जणांनी केसर: पुन्हा अर्धा. पायरी आणि रायवळात ८४ जणांनी पायरी: अंतर १. हापूस-रायवळ आणि केसर-रायवळ या जोड्या कोणापुढं ठेवल्याच नाहीत.

पूर्ण कोष्टक असतं तर रीत सोपी होती. प्रत्येक आंब्याच्या ओळीतल्या अंतरांची सरासरी घ्यायची, तीच त्याची पट्टीवरची जागा. आता एखाद्या घाईतल्या माणसानं दोन रिकाम्या घरांत शून्य भरलं असं धरू. त्याच्या हिशेबानं हापूसची जागा येते ०.३७५, केसरची ०, पायरीची उणे ०.१२५ आणि रायवळाची उणे ०.२५. म्हणजे पायरी आणि रायवळात अंतर उरलं जेमतेम एक अष्टमांश. पण या जोडीला तर आपण प्रत्यक्ष विचारलं होतं, आणि ८४ जणांनी स्वच्छ सांगितलं होतं की अंतर अख्खं एक आहे!

चूक कुठं झाली? शून्य भरणं म्हणजे घर मोकळं ठेवणं नव्हे. जोडी-तुलनेच्या कोष्टकात शून्याला अर्थ आहे. ‘हापूस आणि रायवळ अगदी तुल्यबळ’ असा तो निवाडा आहे, आणि तो कोणीच दिलेला नाही. न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर आपणच लिहिलं आणि त्या खोट्या उत्तरानं खऱ्या उत्तरांना ओढून खाली आणलं.

खरं पाहता शून्य भरण्याची गरजही नव्हती. हापूस केसरहून अर्ध्यानं वर, केसर पायरीहून अर्ध्यानं वर, हापूस पायरीहून एकानं वर, हे तिन्ही निवाडे एकमेकांशी चोख जुळतात. पायरीला शून्यावर ठेवा. केसर येतो अर्ध्यावर, हापूस एकावर, रायवळ उणे एकावर. रायवळाची गाठ फक्त पायरीशी पडली आहे, तरी पायरीचा हात धरून तो हापूसशी जोडला जातो. अंतर दोन. म्हणजे ती जोडी खरोखर लोकांपुढं ठेवली तर १०० पैकी सुमारे ९८ जण हापूस उचलतील, असा अंदाज आता बांधता येतो.

शेजाऱ्यांवरून उंची

हे उदाहरण चोख जुळावं असंच मांडलेलं आहे. खऱ्या उत्तरांत एका वाटेनं अंतर ०.९ येतं, दुसऱ्या वाटेनं १.२. अशा वेळी सगळ्यांत कमी ओढाताण होईल अशी पट्टी कशी काढायची? १९५१ साली फ्रेडरिक मोस्टेलरनं दाखवलं की पूर्ण कोष्टकात थर्स्टनची सरासरीची रीत हीच न्यूनतम वर्गांची रीत आहे. म्हणजे प्रत्यक्ष निवाडे आणि पट्टी यांतल्या तफावतींचे वर्ग करून बेरीज घेतली तर ती याच जागांवर सर्वांत लहान येते. पण कोष्टक अपूर्ण असलं की सरासरी लंगडी पडते. ही गाठ दोघांनी वेगवेगळी सोडवली. १९५५ साली जे. एच. मॉरिसी यानं अमेरिकेतल्या प्रकाशशास्त्राच्या नियतकालिकात, आणि १९५६ साली थर्स्टनचाच विद्यार्थी हॅरॉल्ड गलिक्सन यानं मनोमापनाच्या नियतकालिकात. छायाचित्रं आणि रंग यांची प्रत पारखणारे लोक आजही या रीतीला दोघांचं जोडनाव देतात.

गलिक्सनची रीत शब्दांत सांगायची तर अशी. प्रत्येक वस्तूनं फक्त आपल्या शेजाऱ्यांकडे पाहायचं, म्हणजे ज्यांच्याशी तिची प्रत्यक्ष गाठ पडली त्यांच्याकडे. प्रत्येक शेजाऱ्याच्या उंचीत त्याच्याशी दिसलेलं अंतर मिळवायचं आणि येणाऱ्या आकड्यांची सरासरी घ्यायची. ती आपली उंची. शेजाऱ्यांची उंचीही अशीच त्यांच्या शेजाऱ्यांवरून ठरते, म्हणून सगळी समीकरणं एकत्र सोडवावी लागतात. हापूसवर पडताळून पाहा: पायरी ० वर, तिच्याशी अंतर १, बेरीज १. केसर अर्ध्यावर, त्याच्याशी अंतर अर्धा, बेरीज पुन्हा १. सरासरी १. रिकामी घरं हिशेबात येतच नाहीत. ती न भरता, न पुसता, होती तशी रिकामी राहतात.

हे गणित मूळचं जमीन मोजणाऱ्यांच्या आणि तारे पाहणाऱ्यांच्या कामाचं. न्यूनतम वर्गांची रीत लजांद्रनं १८०५ मध्ये प्रसिद्ध केली. त्याआधी तीन वर्षं, १८०२ साली, विल्यम लॅम्बटननं मद्रासमध्ये पायारेषा मोजून हिंदुस्थानच्या महात्रिकोणमितीय सर्वेक्षणाला हात घातला होता. हैदराबादहून नागपूरकडे काम सरकवताना १८२३ साली तो आमच्या विदर्भात हिंगणघाटला वारला. त्याची कबर तिथंच आहे. दक्षिणेच्या टोकापासून हिमालयापर्यंत कोणी एक साखळी ओढत नेली नाही. या टेकडीवरून ती टेकडी, त्या टेकडीवरून पलीकडची, असा त्रिकोणाला त्रिकोण जोडत पट्टा पुढं गेला. जी दोन शिखरं एकमेकांना कधी दिसलीही नाहीत त्यांच्यातलं अंतर आज आपण सांगतो, ते मधल्या टेकड्यांच्या भरवशावर. रायवळ आणि हापूस यांचं अंतरही असंच पायरीच्या भरवशावर सांगितलेलं आहे.

भरवसा आहे तिथं अटही आहे. साखळी मध्येच तुटली तर पलीकडच्या टेकडीबद्दल काही बोलता येत नाही. कोकणातले आंबे कोकणातच चाखले आणि मराठवाड्यातले मराठवाड्यातच, एकही जोडी दोन्हीकडची नसली, तर दोन पट्ट्या तयार होतात आणि त्या एकमेकींवर ठेवायला कुठलाही आधार नसतो. कितीही हुशार गणित इथं कामाला येत नाही. एक पूल बांधावा लागतो, म्हणजे निदान एक जोडी अलीकडच्या आणि पलीकडच्या आंब्याची.

मोडलेल्या स्पर्धेचा हिशेब

मानसशास्त्रज्ञ हे शोधत असताना याच प्रश्नाचं दुसरं उत्तर जर्मनीत लिहून झालं होतं आणि विसरलंही गेलं होतं. संचशास्त्राच्या पायाभरणीसाठी ज्याचं नाव घेतलं जातं त्या अर्न्स्ट झेर्मेलोनं १९२९ साली बुद्धिबळावर एक शोधनिबंध लिहिला. प्रश्न व्यवहारातला होता. सगळे खेळाडू सगळ्यांशी सारख्या वेळा खेळलेच नाहीत, स्पर्धा मध्येच मोडली, तर क्रम कसा लावायचा? नुसते गुण मोजले तर जो दुबळ्यांशीच खेळला त्याचं फावतं.

झेर्मेलोनं प्रत्येक खेळाडूला एक बळ दिलं. दोघांच्या सामन्यात जिंकण्याची शक्यता म्हणजे आपलं बळ भागिले दोघांच्या बळांची बेरीज. एकाचं बळ ३ आणि दुसऱ्याचं १ असेल तर पहिला चारांतले तीन डाव जिंकेल. मग प्रत्यक्ष लागलेले निकाल सर्वांत संभाव्य ठरतील अशी बळं शोधायची. न खेळलेला सामना या हिशेबात आपोआप गप्प बसतो. ही रीत त्यानं १९२४ च्या न्यूयॉर्क स्पर्धेवर चालवून दाखवली. ती एमानुएल लास्करनं कापाब्लांका आणि आल्येखिन यांना मागं टाकून जिंकली होती.

१९५२ साली राल्फ ब्रॅडली आणि मिल्टन टेरी यांनी व्हर्जिनियात हेच सूत्र स्वतंत्रपणे पुन्हा शोधलं, आणि आज ते त्यांच्याच नावानं ओळखलं जातं. त्यांच्यापुढं बुद्धिबळ नव्हतं, डुकराचं भाजलेलं मांस होतं. डुकरांना नुसता मका घातला, मक्याबरोबर शेंगदाणे घातले किंवा शेंगदाणे बरेच वाढवले, तर मांसाच्या चवीत काय फरक पडतो? चव घेणाऱ्याची जीभ दोन-तीन घासांत थकते, म्हणून एका वेळी थोड्याच जोड्या द्याव्या लागतात. लहान कोष्टकं आणि भरपूर रिकामी घरं हा तर चवीच्या धंद्याचा स्वभावच आहे.

या रीतीनं शंभर-शून्याचा पेचही उघडा करून दाखवला. पायरीनं रायवळाला शंभराच्या शंभर वेळा हरवलं आणि रायवळाची गाठ दुसऱ्या कोणाशी पडलीच नाही, तर रायवळाला जितकं खाली ढकलावं तितके निकाल अधिक संभाव्य ठरत जातात. तळ लागत नाही. झेर्मेलोनं आणि पुढं १९५७ साली लेस्टर फोर्ड यानं याची नेमकी अट सांगितली: वस्तूंचे कसेही दोन गट पाडा, प्रत्येक गटातल्या कोणी तरी दुसऱ्या गटातल्या कोणाला तरी निदान एकदा हरवलेलं असलं पाहिजे. म्हणजे नुसता पूल पुरत नाही, त्यावरून दोन्ही दिशांना वाहतूक व्हावी लागते. एखादी तरी जीभ रायवळाच्या बाजूनं उठावी लागते. मतभेदाचीच पट्टी असल्यामुळं, जिथं मतभेद नाही तिथं मापही नाही.

व्यवहारात लोकांनी यावर तोडगे काढले. कोणी अशी ठाम घरं काढूनच टाकतात, पण त्यात सगळ्यांत मोठ्या अंतराची खबर हातची जाते. कोणी शून्य आणि शंभरच्या जागी अर्धा आणि साडेनव्व्याण्णव धरतात. मला दुसरी वाट जवळची वाटते. दोनशे जणांना विचारलं असतं तर एखादा रायवळवाला निघालाच असता, एवढं मान्य करण्यात गैर काही नाही.

मुद्दाम ठेवलेली रिकामी घरं

इथवर रिकामं घर म्हणजे नशिबी आलेली अडचण होती. तेच घर आधी ठरवून, नीट बेतून रिकामं ठेवायची विद्या ज्यांनी घडवली त्यांत आपल्याकडची माणसं आघाडीवर आहेत.

सात आंबे आहेत असं समजा, त्यांना १ ते ७ क्रमांक द्या. एकेका परीक्षकाला तीनच आंबे द्यायचे. पहिल्याला १, २, ४. दुसऱ्याला २, ३, ५. तिसऱ्याला ३, ४, ६. चौथ्याला ४, ५, ७. पाचव्याला ५, ६, १. सहाव्याला ६, ७, २. सातव्याला ७, १, ३. आता कोणतीही जोडी घ्या, समजा २ आणि ६. ती सहाव्याच्या ताटात आहे आणि दुसऱ्या कोणाच्याच नाही. एकवीसच्या एकवीस जोड्या बरोबर एकेकदा आल्या, प्रत्येक आंबा तीन ताटांत गेला आणि कोणाचीही जीभ तीन आंब्यांपलीकडं थकली नाही. प्रत्येक परीक्षकाच्या कोष्टकात एकवीसांपैकी अठरा जोड्यांची घरं रिकामी आहेत, तरी सगळ्यांचं मिळून एकही घर रिकामं नाही. कागद घेऊन ही यादी स्वतः तपासून पाहावी. हाताला जी लय लागते, ती वाचून कळत नाही.

याला संतुलित अपूर्ण गट-रचना म्हणतात. इंग्लंडमध्ये फ्रँक येट्सनं १९३६ साली शेतीच्या प्रयोगांसाठी ही कल्पना मांडली, आणि १९३९ साली कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेतल्या राज चंद्र बोस यांनी अशा रचना घडवण्याचं गणित उभं केलं. पुढं अमेरिकेत गेल्यावर, १९५६ साली, त्यांनी खास जोडी-तुलनेसाठी अशा रचना दिल्या, ज्यांत प्रत्येक परीक्षकाला काहीच जोड्या मिळतात, पण परीक्षक एकमेकांशी सारख्या प्रमाणात जोडलेले राहतात.

बोसांचे विद्यार्थी शरदचंद्र शंकर श्रीखंडे. जन्म १९१७ चा, सागरचा, शिक्षण नागपूरचं. १९५० साली अमेरिकेत चॅपल हिलला त्यांनी डॉक्टरेट घेतली आणि त्याच वर्षी, विशिष्ट आकड्यांच्या अशा रचना अशक्य का आहेत, हे दाखवणारा शोधनिबंध लिहिला. कोणती ताटं कधीच मांडता येणार नाहीत, हे आधी कळणं प्रयोग करणाऱ्याच्या किती उपयोगाचं असतं! १९५९ साली बोस, श्रीखंडे आणि अर्नेस्ट पार्कर या तिघांनी ऑयलरचं लॅटिन चौरसांबद्दलचं पावणेदोनशे वर्षांचं अनुमान खोटं ठरवलं, आणि ती बातमी ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या पहिल्या पानावर आली. श्रीखंडे पुढं मुंबई विद्यापीठात गणित विभागाचे प्रमुख होते. २०२० साली, वयाच्या १०२ व्या वर्षी ते गेले. ऑयलरवरचा विजय आपल्याकडं लोकांना ठाऊक आहे, ते बरंच आहे. पण ठिकठिकाणचे प्रयोग करणारे ज्या ताटांच्या याद्या वापरतात, त्यामागंही त्यांच्या पिढीचे कष्ट आहेत, हे ठाऊक असायला हवं.

कैद्याचं मानांकन

बुद्धिबळात झेर्मेलोचं स्वप्न प्रत्यक्षात आणलं ते आर्पाद एलो या हंगेरीत जन्मलेल्या, अमेरिकेत मिल्वॉकीला भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या प्राध्यापकानं. त्याची मानांकन पद्धत १९६० साली अमेरिकी महासंघानं आणि १९७० साली जागतिक महासंघानं स्वीकारली. दोनशे गुणांचं अंतर असेल तर वरचढ खेळाडूनं शंभरातले सुमारे ७६ गुण घ्यावेत, अशी ती पट्टी आहे. जगातल्या खेळाडूंच्या सर्व जोड्यांचं कोष्टक मांडलं तर त्यातली बहुतेक सगळी घरं रिकामीच असणार. तरी नागपूरची दिव्या देशमुख २०२५ च्या महिला विश्वचषकात बातुमीला पोचली तेव्हा, जिच्याशी ती कधी खेळली नव्हती तिच्याविरुद्धही तिचा अंदाज पट्टीवर लिहिलेला होता. त्या अंदाजानुसार तिचा स्पर्धेतला क्रम पंधरावा होता. चषक तिनं जिंकला. पट्टी शक्यता सांगते, निकाल पटावर लागतो.

आणि धागा बारीक झाला तर काय होतं, हेही बुद्धिबळानंच दाखवलं. व्हर्जिनियाच्या तुरुंगात जन्मठेप भोगणारा क्लॉड ब्लडगुड तिथल्या कैद्यांशी शेकडो मानांकित डाव खेळला. त्याचे गुण फुगत गेले, आणि १९९६ साली २७०२ गुणांवर तो अमेरिकेच्या यादीत थेट दुसऱ्या क्रमांकावर जाऊन बसला. त्यानं हे मुद्दाम केलं की नाही, यावर वाद झाले. गणिताच्या दृष्टीनं तो मुद्दा गौण आहे. भिंतीच्या आतली पट्टी आणि बाहेरची पट्टी यांना जोडणारे डाव जवळजवळ नव्हतेच, आणि तरी दोन्ही पट्ट्या एकच समजून एका यादीत छापल्या गेल्या.

घर रिकामं का आहे?

१९७६ साली डोनाल्ड रुबिननं सांख्यिकीला एक साधा प्रश्न विचारायची सवय लावली: माहिती नाही, ती का नाही? चिठ्ठ्या टाकून काही जोड्या वगळल्या असतील तर काळजी नको, उरलेल्या जोड्या सगळ्यांच्या वतीनं बोलतात. पण ‘यात काय विचारायचं, हे उघडच आहे’ म्हणून जोडी वगळली असेल, किंवा ज्याला रायवळ आवडतो तो माणूस परीक्षकांत बोलावलाच नसेल, तर ते रिकामं घर बरंच काही सांगत असतं. ते ऐकलं नाही तर पट्टी एका बाजूला कलते.

आज हा प्रश्न आपल्या खिशात येऊन बसला आहे. संवाद साधणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेला वळण लावताना दोन उत्तरं माणसापुढं ठेवतात आणि त्यांतलं बरं कोणतं ते विचारतात. पॉल क्रिस्तियानो आणि सहकाऱ्यांनी २०१७ साली मांडलेल्या रीतीत त्या निवाड्यांतून पसंती शिकायला ब्रॅडली-टेरीचंच सूत्र आहे. २०२३ साली बर्कलीच्या संशोधकांनी सुरू केलेल्या ‘चॅटबॉट अरेना’त लोक दोन निनावी यंत्रांची उत्तरं ताडतात. त्यातही आधी एलो आणि नंतर ब्रॅडली-टेरी यांच्याच रीती वापरल्या गेल्या. मांसाच्या घासांसाठी मांडलेला हिशेब आता कोणतं वाक्य ‘चांगलं’ हे ठरवायला मदत करतो आहे. मग विचारायला हवं: मराठी उत्तरांच्या जोड्या किती जणांपुढं ठेवल्या गेल्या? इंग्रजी वाक्यांची पट्टी आणि मराठी वाक्यांची पट्टी यांच्यात पूल किती जोड्यांचा आहे? जिथं पूल नाही तिथं कोष्टक आपल्याबद्दल काहीच सांगू शकत नाही, आणि तिथं शून्य भरलं तर ते आपल्या वतीनं कोणीतरी परस्पर दिलेलं उत्तर असेल.

कोकणात, देशावर, विदर्भात, जिथं आंबा आहे तिथं बांधावर एखादं तरी बिननावाचं रायवळ झाड असतं. त्याचं फळ बाजारात जात नाही, कुठल्या स्पर्धेच्या ताटात जात नाही. घरचे लोक ते चोखून खातात आणि म्हणतात, याच्यासारखा गोडवा कशाला नाही. हे म्हणणं खरं की खोटं, हे या सगळ्या विद्येला सांगता येत नाही. पट्टीवर त्या झाडाची जागा खालची नाही आणि वरचीही नाही; तिथं अजून काही लिहिलेलं नाही. ते लिहायचं असेल तर कोणीतरी एक टोपली उतरवून टेबलावर आणायला हवी, शेजारी एक पायरी ठेवायला हवी, आणि समोरच्या माणसाला विचारायला हवं, यातला उजवा कोणता? तोवर ते घर रिकामंच ठेवावं.